आंतरसांस्कृतिक संवाद आणि मिहान : आकलनाचा भार कोणावर?

प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत ज्या नव्या विषयांना स्थान मिळवून दिले, त्यांत ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हा एक महत्त्वाचा विषय होय. वाणिज्य, व्यवस्थापन, अभियांत्रिकी व इंग्रजी अशा विविध विभागांत तो कमीअधिक फरकाने शिकविला जातो. भिन्न संस्कृतींतील व्यक्तींनी परस्परांशी परिणामकारक रीतीने कसे बोलावे, याचे मार्गदर्शन करणे हा त्याचा घोषित हेतू असतो. मात्र या विषयाची पाठ्यपुस्तके चाळली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्यांतील ‘भिन्न संस्कृती’ म्हणजे बहुधा परदेश असतो आणि शिकणारी व्यक्ती ही बहुधा त्या परदेशासमोर नोकरीसाठी उभी असलेली व्यक्ती असते. जपानी पाहुण्याला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, जर्मन सहकाऱ्याशी ठरलेली वेळ काटेकोरपणे पाळावी, अशा सूचनांनी प्रकरणेच्या प्रकरणे भरलेली असतात. या सूचना चुकीच्या आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु त्या ज्या प्रश्नाचे उत्तर देतात तो प्रश्न फार छोटा आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या संदर्भात केली आहे. दोन संस्कृती समोरासमोर आल्या असता एकमेकांना समजून घेण्याचे कष्ट कोणी घ्यायचे, हा या चिकित्सेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. पाठ्यपुस्तके हा प्रश्न विचारीत नाहीत. त्यांनी उत्तर आधीच गृहीत धरलेले असते.

मिहान : एक भाषिक प्रदेश

‘मिहान’ हा शब्द कानाला मराठी वाटतो. प्रत्यक्षात ती ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. परंतु परिसरातील लोकांनी या नावाला मराठी विभक्तिप्रत्यय लावले, ‘मिहानात काम करतो’, ‘मिहानमध्ये जमीन गेली’ असे ते बोलतात. पहिल्या वाक्यात मिहान ही एक जागा आहे, दुसऱ्या वाक्यात ती एक घटना आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसे अनेकदा एकाच घरातली असतात.

प्रकल्पाच्या विकासासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाला लागून असलेल्या शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव इत्यादी गावांच्या शिवारात विशेष आर्थिक क्षेत्र व विमानतळ विस्तार यांची आखणी झाली. बोइंग कंपनीने उभारलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये कार्यान्वित झाले आणि एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेसकडे त्याचे संचालन आले. फ्रान्सच्या दासॉ एव्हिएशनच्या भागीदारीतील कारखान्याची कोनशिला ऑक्टोबर २०१७ मध्ये बसविण्यात आली. त्याच कारखान्यात फाल्कन २००० हे संपूर्ण विमान जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोच्या वेळी झाली. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या येथे आल्या. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या परिसराचे उद्घाटन मे २०२२ मध्ये, तर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे एम्सचे, लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले.

अमेरिकी विमानाची इंग्रजी नियमपुस्तिका, फ्रेंच कंपनीची कार्यपद्धती, देशभरातून निवडलेले डॉक्टर व विद्यार्थी, गोंदिया-गडचिरोलीहून आलेले रुग्ण आणि ज्यांची शेती गेली ते गावकरी, असे सर्व काही मैलांच्या आत एकत्र आले आहेत. आंतरसांस्कृतिक संवादाचा सिद्धांत तपासण्यास याहून सोयीची भूमी मिळणे कठीण.

शिवाय ही भूमी कोरी नव्हती. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसविलेले, भोसल्यांनी राजधानी केलेले आणि पुढे मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण झालेले नागपूर शतकानुशतके गोंडी, मराठी व हिंदी यांच्या सीमेवर जगत आले. १९५६ पर्यंत ते ज्या राज्याची राजधानी होते, त्या जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चाले. डॉ. रघुवीर यांच्या परिभाषानिर्मितीचे केंद्र काही वर्षे येथेच होते आणि पहिले विश्व हिंदी संमेलनही जानेवारी १९७५ मध्ये येथेच भरले. ‘मी जेवून राहिलो’ ही नागपुरी वाक्यरचना पुण्याच्या प्रमाण व्याकरणाला चूक वाटते. पण हिंदीच्या ‘रहा हूँ’ या रचनेशी शेकडो वर्षांच्या सहवासातून जुळलेली ती तडजोड आहे. आंतरसांस्कृतिक संवादाचा हा पुरावा नागपूरकरांच्या क्रियापदातच मुरलेला असताना त्याच शहरातील विद्यार्थ्याला ‘तुला अन्य संस्कृतीचा परिचय नाही’ या गृहीतकावर आधारलेले प्रशिक्षण द्यावे, ही विसंगती आहे.

सिद्धांतांचा उगम

या ज्ञानशाखेचा आरंभ कोठे झाला हे पाहिले की तिच्या मर्यादांचा बराचसा उलगडा होतो. एडवर्ड हॉल हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत होते. त्या अनुभवातून त्यांचा ‘द सायलेंट लँग्वेज’ हा ग्रंथ १९५९ मध्ये आला. संदर्भबहुल आणि संदर्भविरल संस्कृती हा त्यांचा प्रसिद्ध भेद १९७६ च्या ‘बियाँड कल्चर’ मध्ये मांडलेला आहे. बोलणाऱ्याने शब्दांत सगळे सांगावे अशी अपेक्षा जेथे असते ती संस्कृती संदर्भविरल. जेथे बरेचसे प्रसंगावरून, नात्यावरून व मौनावरून ओळखायचे असते ती संदर्भबहुल.

हा भेद उपयुक्त आहे, हे मान्य करावेच लागते. मराठीतील ‘होऊन जाईल’ हे उत्तर घ्यावे. काम कोण करणार आणि केव्हा करणार, यांपैकी काहीही या क्रियारूपात नाही. कर्ता लुप्त आहे, काळ मोघम आहे. आहे तो केवळ दिलासा. ऐकणारा मराठी माणूस बोलणाऱ्याचा स्वर, त्याचा हुद्दा व मागील अनुभव यांवरून या दिलाशाची किंमत ठरवितो. विमानदुरुस्तीच्या वेळापत्रकावर तारीख लिहू पाहणाऱ्या परदेशी अभियंत्याला मात्र तो शब्दशः होकार वाटतो. येथे हॉल यांची संज्ञा नेमकी लागू पडते.

गीर्त हॉफस्टेड यांच्याविषयी असे म्हणता येत नाही. आयबीएम या एका कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी राष्ट्रीय संस्कृतींची मोजमापे काढली आणि १९८० मध्ये ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ या ग्रंथात ती प्रसिद्ध केली. सत्ता-अंतराच्या निर्देशांकावर भारताला ७७, फ्रान्सला ६८ आणि अमेरिकेला ४० गुण आहेत. हे आकडे आजही व्यवस्थापनाच्या वर्गात फळ्यावर लिहिले जातात. पण ७७ हा आकडा कोणत्या भारताचा? आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला. त्याआधी त्या कंपनीत काम करणारा, इंग्रजी प्रश्नावली भरू शकणारा भारतीय हा तेव्हाच्या समाजातील एक अत्यंत निवडक गट होता. त्याच्या उत्तरांवरून खापरीच्या शेतकऱ्याची, इंदोऱ्याच्या बौद्ध युवकाची आणि भामरागडच्या माडिया स्त्रीची एकच ‘भारतीय संस्कृती’ मोजणे हे शास्त्र म्हणून टिकणारे नाही. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात या पद्धतीवर घेतलेले आक्षेप सर्वज्ञात आहेत. एका कंपनीतील मूठभर लोकांच्या सरासरीवरून राष्ट्राविषयी अनुमान कसे काढता येईल, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. भारतीय संदर्भात त्यात आणखी एक प्रश्न मिळवावा लागतो. सत्ता-अंतर हा येथे राष्ट्राचा स्वभाव आहे की जातीने व वर्गाने घडविलेली व्यवस्था आहे? ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी लोकांनी त्या अंतराविरुद्ध जाहीर निर्णय घेतला, तेथे तरी ७७ या आकड्याकडे राष्ट्रीय स्वभाव म्हणून पाहता येणार नाही.

दीक्षाभूमीच्या उल्लेखाबरोबर आणखी एक उदाहरण आठवते. भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई हे जपानमध्ये जन्मलेले भिक्खू १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नागपुरात आले, येथेच राहिले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९९२ पासूनच्या महाबोधी महाविहार आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी केले. जपानी माणसाशी कसे बोलावे याचे कोष्टक पाठ्यपुस्तकांत असते. जपानी माणूस नागपूरच्या वस्तीशी हिंदीतून कसा बोलू लागला, याला तेथे ओळही मिळत नाही. कारण उघड आहे. पाठ्यपुस्तकातील संवादाची दिशा एकेरी आहे.

गुम्पर्झ यांचा पुरावा

जॉन गुम्पर्झ यांचे काम या परंपरेत वेगळे उठून दिसते आणि योगायोगाने तेही एका विमानतळावरचे आहे. १९८२ च्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहाचे उदाहरण दिले आहे. तेथे नव्याने कामाला लागलेल्या भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आणि असहकारी आहेत, अशी तक्रार पर्यवेक्षक करीत व मालाची चढउतार करणारे कामगारही करीत. ध्वनिमुद्रण केल्यावर असे आढळले की वाद फार थोड्या शब्दांवरून होत होता. मांसाच्या पदार्थावर ग्रेव्ही हवी का, हे विचारताना ब्रिटिश स्त्री ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द चढत्या सुरात उच्चारी. दक्षिण आशियाई स्त्रीही तोच शब्द उच्चारी, पण उतरत्या सुरात. ऐकणाऱ्याला पहिला उच्चार विचारणा वाटे. दुसरा ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा तुटक वाटे. त्या स्त्रियांच्या दृष्टीने मात्र तो सुर विचारण्याचा नेहमीचा सुर होता. लोक आपल्याशी फटकून का वागतात, हे त्यांना कळत नव्हते आणि त्याचे कारण त्या भेदभाव असे समजत. ध्वनिमुद्रिका दोन्ही बाजूंना ऐकवून चर्चा झाल्यावर संबंध सुधारू लागले.

या उदाहरणातील बारकावा असा की, येथे कोणाच्याही ‘संस्कृतीची’ वर्गवारी केलेली नाही. ध्वनी मोजला गेला, प्रसंग तपासला गेला आणि उभय पक्षांना ऐकविला गेला. मराठी भाषकाच्या इंग्रजीबाबत असेच एक निरीक्षण नोंदविता येईल. मराठीत विनंती करण्यासाठी स्वतंत्र शब्दाची गरज सहसा भासत नाही. ‘कृपया’ हा शब्द फलकावर असतो, बोलण्यात क्वचित येतो. सौजन्य क्रियापदाच्या आदरार्थी रूपात आणि ‘जरा’, ‘ना’ यांसारख्या अव्ययांत असते. ‘जरा पाना द्या ना’ हे वाक्य पुरेसे विनम्र आहे. तेच वाक्य ‘गिव्ह मी द स्पॅनर’ असे इंग्रजीत गेले की आदरार्थी अनेकवचन गळते, ‘जरा’ गळते, ‘ना’ गळते आणि नुसती आज्ञा उरते. बोलणाऱ्याच्या मनातील विनय भाषांतराच्या वाटेवर सांडतो. वैदर्भी बोलीतील ‘गा’ या संबोधनाचेही असेच होते. ‘काय गा’ यातील आपुलकी पुण्या-मुंबईच्या अधिकाऱ्याला अघळपघळपणा वाटू शकते. म्हणजे असा गैरसमज होण्यासाठी विदेशी माणसाची आवश्यकताच नाही.

दुरुस्ती मात्र दोन्ही बाजूंनी व्हावी, हा गुम्पर्झ यांच्या उदाहरणाचा आशय आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांनी स्वीकारलेला दिसत नाही. तेथे ‘मातृभाषेचा प्रभाव’ हा दोष म्हणून नोंदविला जातो आणि तो काढून टाकणे हे उद्दिष्ट असते. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. इंग्रजी ही केवळ वर्चस्वाची भाषा आहे, असे म्हणून मोकळे होणे ही सुस्थितांची चैन होय. हिंगणा, बुटीबोरी, उमरेड येथून बसने येणाऱ्या विद्यार्थिनीला मिहानमधील पहिली नोकरी हवी असते आणि त्यासाठी तिला ते उच्चारही हवे असतात. तिची ही मागणी योग्यच आहे. आक्षेप आहे तो ‘संवाद’ या नावाखाली केवळ तिचीच परीक्षा घेतली जाते याला. तिच्या ग्राहकाने, तिच्या वरिष्ठाने, तिच्या प्राध्यापकाने काय शिकावे, याची परीक्षा कोठे होत नाही.

हँगरमधील भाषा

विमानसेवेच्या क्षेत्राने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आहे आणि ते मिहानच्याच हँगरमध्ये रोज वापरले जाते. मोठी किंमत मोजून ते उत्तर मिळाले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे विमान एकमेकांवर आदळून ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या उंचीखाली उतरले होते आणि त्याच्या चालकदलाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान चौकशीत पुढे आले. अशा अपघातांच्या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी सहा पायऱ्यांची भाषिक मोजपट्टी तयार केली आणि किमान चौथी पायरी मार्च २००८ पासून आवश्यक ठरविली. या मोजपट्टीत उच्चार एखाद्या देशासारखा असावा अशी अट नाही. तो समजण्याच्या आड येऊ नये, एवढेच पाहिले जाते. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनीही वाक्प्रचार टाळावेत, सावकाश बोलावे व समोरच्याला कळले की नाही याची खात्री करून घ्यावी, अशी अपेक्षा संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे.

देखभालीच्या कागदपत्रांत हे तत्त्व आणखी पुढे गेले. युरोपातील विमाननिर्मात्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ची नियमावली प्रसिद्ध केली, तिचीच सुधारित आवृत्ती आज ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ या नावाने जगभर वापरात आहे. तिचे नियम साधे आहेत. मान्य शब्दांचा कोश मर्यादित. एका शब्दाला एकच अर्थ. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांहून मोठे नको. एका वाक्यात एकच सूचना. या नियमावलीमागील विचार असा : पुस्तिका लिहिणारा इंग्रजी भाषक आहे, ती वाचून विमानाच्या पोटात हात घालणारा तंत्रज्ञ मात्र जगात कोठलाही असेल, त्याची मातृभाषा कोणतीही असेल, चूक झाली तर विमान पडेल, म्हणून सोपे करण्याचे कष्ट लिहिणाऱ्याने घ्यावेत. आंतरसांस्कृतिक संवादाच्या पुस्तकांत सांगितलेली सहानुभूती, संवेदनशीलता इत्यादी मूल्ये येथे नावालाही नाहीत. येथे शब्दांची मोजणी आहे. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, दुर्बल भाषकाला एवढा आदर अन्यत्र क्वचितच मिळाला असेल.

‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’

हँगरपासून थोड्या अंतरावर त्याच प्रकल्पाचा दुसरा दस्तऐवज आहे. जमीन संपादन करणाऱ्या शासनाची भाषा महाराष्ट्रात मराठी आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने तिला तो दर्जा दिला. मग येथे सांस्कृतिक अंतर कसले, असे कोणी विचारील. शासकीय अधिसूचनेचे कोणतेही पान उघडून पाहावे. ‘ज्याअर्थी’ या शब्दाने सुरू झालेले वाक्य परिच्छेदभर चालते आणि ‘त्याअर्थी’पर्यंत पोहोचेतो वाचणाऱ्याचा श्वास संपतो. २० शब्दांची मर्यादा येथे कोणी घातलेली नाही, कारण येथे चूक झाली तर विमान पडत नाही.

त्यातील शब्दही पाहावेत. ‘संपादन’ या शब्दाचा अर्थ प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांना एक वाटेल, सातबारा हाती घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला दुसरा. ‘निवाडा’ हा शब्द गावात दोघांचे ऐकून पंचांनी दिलेल्या निर्णयासाठी वापरला जातो. भूसंपादनाच्या कायद्यात तो मोबदल्याची रक्कम ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या आदेशासाठी येतो. गावकरी ‘निवाडा’ ऐकतो तेव्हा आपली बाजू विचारली जाईल असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. आणि ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाने तर शासनाच्या भाषेनेच नकळत एक कबुली देऊन ठेवली आहे. ‘ग्रस्त’ हे पद आपण रोग, दुष्काळ व पूर यांच्याच मागे लावतो.

शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा या गावांच्या मोबदल्याचे व पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे आंदोलनांतून, वृत्तपत्रांतून व न्यायालयांतून गाजत राहिले. अशा प्रसंगी ‘संवाद कमी पडला’ असे म्हणण्याची एक रूढी आहे. तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. जमिनीचा भाव किती, घराच्या बदल्यात घर कोठे, हे हितसंबंधांचे खरेखुरे प्रश्न आहेत. त्यांना संवादाचा प्रश्न म्हणणे म्हणजे तंट्याला गैरसमजाचे नाव देणे होय. आंतरसांस्कृतिक संवादाच्या शास्त्राची ही सर्वांत मोठी त्रुटी होय. दोन्ही पक्षांचे हित एकच आहे आणि अडचण फक्त समजुतीची आहे, असे ते गृहीत धरते. गावकऱ्याला अधिसूचना पूर्णपणे कळली असती तरी त्याने कदाचित विरोधच केला असता. परंतु तो विरोध त्याने वेळेत, योग्य कलमाखाली व मुदतीच्या आत केला असता. भाषेचा भार लिहिणाऱ्याने उचलण्याचा येथील अर्थ एवढाच, आणि तो लहान नाही.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी, तसेच अधिसूचना स्थानिक भाषेत पंचायतीपर्यंत पोहोचविणे त्याने बंधनकारक केले. मिहानचे बहुतांश संपादन त्यापूर्वीचे असल्याने या गावांना त्याचा विशेष उपयोग झाला नाही. शिवाय ‘स्थानिक भाषा’ म्हणजे राजभाषा मराठी असाच अर्थ घेतला, तर ‘ज्याअर्थी’ची मराठी त्या अटीतून निसटून जाते.

रुग्णालय

मिहानमधील सर्वांत नाजूक संवाद मात्र एम्सच्या बाह्यरुग्ण विभागात घडत असतो. अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेतून आलेले विद्यार्थी, निरनिराळ्या राज्यांतून आलेले डॉक्टर व परिचारिका आणि विदर्भासह शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधून येणारे रुग्ण यांची ही भेट असते. नागपूरची हिंदी येथे बरेच काम भागविते, ही जमेची बाजू आहे. पण ती कोठे अपुरी पडते हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘अंगावरून जाणे’ या शब्दप्रयोगाने मराठी स्त्री श्वेतप्रदर किंवा रक्तस्राव सुचविते. ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणजे पक्षाघात. एका शब्दाचा फरक आहे. पहिली रुग्ण स्त्रीरोग विभागाची, दुसरी मेंदूविकार विभागाची, आणि दुसरीच्या बाबतीत प्रत्येक तास मोलाचा. मराठी न जाणणाऱ्या पण हिंदी समजणाऱ्या डॉक्टरला दोन्ही वाक्यांतील सुटे सुटे शब्द कदाचित ओळखीचे वाटतील. हीच खरी अडचण आहे. जेथे भाषा अजिबात कळत नाही तेथे माणूस दुभाषी शोधतो; जेथे अर्धी कळते तेथे तो थांबत नाही. त्यात ‘ळ’ चा ‘य’ करणाऱ्या वऱ्हाडी वळणाची, पूर्वेकडील झाडीबोलीची आणि त्यापलीकडे गोंडी-माडियाची भर पडते.

स्त्रिया तर पुष्कळदा सांगतच नाहीत. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली होती. ९२ टक्के स्त्रियांना प्रत्यक्षात एक वा अधिक स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. वैद्यकशास्त्रात हा अभ्यास सुपरिचित आहे. संवादशास्त्राने मात्र तो आपला म्हणून वाचलेला नाही. ५५ आणि ९२ यांमधील अंतर हे मौनाचे मोजमाप आहे. हॉल यांच्या भाषेत ही ‘संदर्भबहुल’ संस्कृती म्हणता येईल, पण त्या विशेषणाने काहीच साधत नाही. गावात राहून, विश्वास मिळवून तपासणी झाली तेव्हाच ९२ हा आकडा हाती आला.

विदर्भातच याचे आणखी एक उदाहरण आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यापुढे माडिया रुग्णांना मराठी शिकविण्याचा पर्याय नव्हता. रुग्ण शिकेपर्यंत थांबणार कोण? डॉक्टरांनी माडिया शिकून घेतली. सिम्प्लिफाइड इंग्लिशची नियमावली निघण्यापूर्वी तेरा वर्षे भामरागडच्या जंगलात तेच तत्त्व आचरणात आले होते. ज्याच्या हाती ज्ञान व अधिकार, त्याने भाषेचा भार घ्यावा.

वैद्यकीय शिक्षणाने हे तत्त्व अंशतः स्वीकारले आहे. २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या आरंभी पायाभूत अभ्यासक्रम ठेवण्यात आला आणि त्यात स्थानिक भाषेच्या परिचयाची तरतूद आहे. एम्सचा कारभार स्वतंत्र अधिनियमाखाली चालतो, त्यामुळे तेथे अशी व्यवस्था संस्थेने स्वतःहून करावी लागते. परंतु अशा वर्गांत शिकवायचे काय, हा प्रश्न उरतोच. बाराखडी, अभिवादन आणि ‘तुमचे नाव काय’ एवढ्यावर भागत नाही. प्रमाण मराठीतील ‘आपणांस कोणता त्रास होत आहे’ हे वाक्य पाठ केलेल्या डॉक्टरला ‘काऊन आले’ असे विचारणारी परिचारिका अधिक उपयोगी पडेल.

हे काम मराठी विभागांचे आहे. नागपूर व गोंडवाना विद्यापीठांच्या संलग्न महाविद्यालयांत बोलीभाषांवर संशोधन होते, पण ते बहुधा म्हणी, लोकगीते व शब्दसूची यांपुरते राहते. वैदर्भी, झाडीबोली व गोंडी यांतील दुखण्याच्या शब्दांचा कोश महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून सहज उभा करता येईल. रुग्णाने वापरलेला शब्दप्रयोग, तो कोणत्या तालुक्यात ऐकला, त्याचा रुग्णाला अभिप्रेत अर्थ, त्याच्याशी गोंधळ होऊ शकेल असा दुसरा प्रयोग आणि डॉक्टरने लगेच विचारावयाचा प्रश्न, एवढे पाच रकाने पुरेत. ‘अंगावरून वारे गेले’ या नोंदीसमोर पाचव्या रकान्यात ‘केव्हापासून’ हा प्रश्न लिहावा लागेल, आणि त्याचे उत्तर घड्याळाच्या वेळेत मिळाले नाही तर ‘गुरे सोडायच्या आधी की नंतर’ असा पुढचा प्रश्नही.